दुपारची लस्सी

लस्सी कडू लागतेय असं मी पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा धाकटीने ते सरळ कानामागे टाकलं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ती म्हणाली, ‘औषधांनी तोंड कडू होतं, आई.’ तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तिने थोरल्याला फोन केला. आमच्याकडे कुठलीही गोष्ट थोरल्याच्या कानावर गेली की तिचा लगेच प्रश्न होतो. मग तो प्रश्न सोडवायला तो लांबच्या शहरात आपल्या खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायला लागतो.

मला दोनच मुलं. थोरला मुलगा आणि ही धाकटी. न्हाणीघरात पाय घसरून मी पडले, खुबा मोडला आणि उजवं मनगटही मोडलं, तेव्हा धाकटीनेच मला तिच्याकडे आणलं. हे मी विसरलेले नाही आणि कुणी आठवण करून द्यायची गरजही नाही. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं धरून ‘आता कसं दिसतं? आणि आता?’ असं दिवसभर विचारत असते. लग्न मोडलं त्याला बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. घर दोन खोल्यांचं, त्यातली खिडकीची खोली तिने मला दिली आणि स्वतः बैठकीच्या खोलीत सोफ्यावर झोपायला लागली. हेही मी विसरलेले नाही.

खिडकीसमोर गाडी शिकवणाऱ्यांचं मैदान आहे. तिथे दिवसभर लोक गाडी मागे घेतात आणि ठेवलेल्या पिंपाला नेऊन धडकवतात. शिकवणारा माणूस डोक्याला हात लावतो आणि पिंप पुन्हा जागेवर आणून उभं करतो. मला ते बघायला फार आवडतं. वॉकर धरून खिडकीपाशी जायचं, खुर्चीत बसायचं आणि कोण पास होईल, कोण नापास, ते आपल्या मनाशी ठरवायचं. माझं आयुष्य एवढ्यावर आलं होतं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. आहे तिथे, त्या खिडकीपाशी, धाकटीच्या घरात शेवटपर्यंत राहावं, एवढंच मला हवं होतं.

आता लस्सीचं सांगते. माझी कवळी हिरड्यांना टोचते, त्यामुळे दुपारचं जेवण मला जात नाही. म्हणून लस्सी. त्यात पपई, कारण पपईने पोट साफ होतं आणि या वयात पोट साफ होणं म्हणजे काय असतं ते तरुण माणसांना सांगून कळायचं नाही. धाकटी सकाळी न्हाऊन, केसांना टॉवेल गुंडाळून ओट्याशी उभी राहायची. पपई मधोमध कापायची, चमच्याने बिया खरवडून काढायची, सालीपर्यंतचा गर घ्यायची, कारण वाया गेलेलं तिला चालत नाही. घट्ट दही, साखर, चिमूटभर मीठ, थोडी वेलची. मिक्सर फिरायचा, रंग छान केशरी यायचा. मग ती लस्सी बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवायची आणि कामावर पळायची. दुपारी भूक लागली की मी बाटली काढून प्यायची, असा आमचा शिरस्ता.

मी स्वतः का करत नव्हते? कारण मिक्सरचं भांडं दाबून फिरवल्याशिवाय बसत नाही, आणि माझं मनगट वाकडं जुळून आलंय. ते दाबतं, पण फिरवत नाही. मुलं लहान होती तेव्हा मी रवीने घुसळून लस्सी करायचे. कधी केळं, कधी आंबा, कधी स्ट्रॉबेरी, जे स्वस्त असेल ते. पण तेव्हा ती करून ठेवायची पाळी कधी आलीच नाही. दोघं ग्लास घेऊन बाजूला उभी असायची आणि रवी बाहेर काढायच्या आत भांडं रिकामं व्हायचं.

तर दुपारची ही लस्सी कडू लागायची. पहिला घोट ठीक, मग जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा चढत जायचा आणि बराच वेळ तिथेच राहायचा. कडुनिंबाइतकी नाही, पण घोट घशाखाली उतरू नये इतकी. मी धाकटीला म्हटलं, ‘तू एकदा पिऊन तर बघ.’

‘आई, मला पपईचा वासच सहन होत नाही. तुला माहितीये ना.’

माहीत होतंच. लहानपणी पपई दिली की ती नाक दाबून पळून जायची. पण मला वाटलं, आईसाठी एक चमचा घ्यायला काय हरकत आहे? तिला वाटलं, सकाळच्या घाईत आईचे हे नसते लाड कशाला पुरवायचे? दोघींचंही थोडं थोडं खरं होतं.

सगळा घोटाळा रविवाराने केला. रविवारी धाकटी घरी असायची. त्या दिवशी ती लस्सी दुपारीच करायची, मिक्सरमधून सरळ ग्लासात ओतून माझ्या हातात द्यायची आणि समोर बसायची. ती लस्सी अमृतासारखी लागायची. मी आपली भोळी, तोंड भरून कौतुक करायचे. ‘आज बघ कशी छान झालीये! अशी रोज का करत नाहीस?’

धाकटी माझ्याकडे बघत राहायची. मग एका रविवारी ती म्हणाली, ‘आई, पपई तीच असते. दही तेच. साखर तीच. करणारी पण मीच.’

‘मग रोज कडू का लागते?’

‘तेच तर.’ तिने रिकामा ग्लास उचलला. ‘मी समोर बसले की गोड लागते. मी कामावर गेले की कडू. मला कळत नाही का काय ते?’

म्हणजे काय, तर मला तिने घरी बसायला हवंय, म्हणून मी लस्सीच्या नावाने रडगाणं गातेय, असं तिने ठरवून टाकलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सबंध आयुष्य मी एका मोठ्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होते. कुणाच्या बोलण्यात काय दडलंय ते आवाजावरून ओळखायचं, हा माझा धंदाच होता. तिच्या आवाजात राग नव्हता. ती पार कंटाळली होती. राग असता तर मी भांडले असते. कंटाळ्याशी कसं भांडायचं ते मला येत नाही.

त्यानंतर मी बोलायचं सोडून दिलं आणि दुपारची लस्सी मोरीत ओतायला लागले. वर पाणी सोडायचं, बाटली विसळून ठेवायची. पण वेलचीची पूड जाळीवर चिकटून राहते हे माझ्या लक्षात आलं नाही. धाकटीच्या आलं. एका संध्याकाळी ती चपलासुद्धा न काढता माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

‘ओतून देतेस तू लस्सी? मी सकाळी उठून करायची आणि तू ओतून द्यायची? मग दिवसभर उपाशी राहतेस?’

मी उपाशीच होते. उपाशी माणसाच्या जिभेला हाड नसतं. मी म्हटलं, ‘प्यायच्या लायकीची असेल तर पिईन ना! घालतेस तरी काय त्यात?’

मला म्हणायचं होतं, पपई कच्ची घालतेस का, दही जुनं घालतेस का. आईने लेकीला स्वयंपाकात विचारावं तसंच ते होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच निघालं, आणि धाकटीचा चेहरा उतरला. तिने दाराची चौकट धरली.

‘मी काय घालते? आई, तू काय म्हणतेयस ते तुला कळतंय का?’

‘अगं, तसं नाही...’

पण ती गेली होती. बैठकीच्या खोलीतून फोनवर तिचा आवाज आला. ‘दादा, तिला वाटतं मी तिच्या खाण्यात काहीतरी घालते.’ मग बराच वेळ ती रडली. मला उठून तिच्याजवळ जायचं होतं. वॉकर पलंगाच्या पलीकडे राहिला होता. तो हाताशी येईपर्यंत तिने दिवा मालवला होता.

मग डॉक्टर झाले. डॉक्टर बिचारा सज्जन होता, मऊ आवाजात बोलायचा, आणि नेमकं तेच मला सहन होत नव्हतं. त्याने मला आज वार कोणता ते विचारलं. मी सांगितलं, आणि त्याच्या टेबलावरचं कॅलेंडर कालच्याच तारखेवर आहे हेही सांगितलं. त्याने हसून पान उलटलं. मग कागद दिला आणि म्हणाला, ‘आजी, यावर एक घड्याळ काढा बघू.’

मी काढलं. मनगट वाकडं, त्यामुळे गोल लांबुळका झाला आणि आकडे एका बाजूला घसरले. त्याने ते घड्याळ बघितलं, धाकटीने बघितलं. मी म्हटलं, ‘हात मोडलाय माझा, डोकं नाही.’ तो ‘हो हो, अगदी बरोबर’ म्हणाला. हा ‘हो हो’ मला चांगला ओळखीचा होता. साहेब जागेवर असताना ‘साहेब बाहेर गेलेत’ असं सांगताना आम्ही तोच वापरायचो.

‘तुमच्या खाण्यात कुणी काही घालतं, असं तुम्हाला कधी वाटतं का?’ त्याने विचारलं.

‘घालते ना. पपई.’

मी विनोद केला होता. कुणी हसलं नाही. धाकटी म्हणाली, ‘आई, त्या दिवशी तू मला काय म्हणालीस ते सांग ना त्यांना.’ मी घड्याळाचा कागद पालथा घातला. डॉक्टर म्हणाला की या वयात चव बदलणं, जवळच्या माणसांवर संशय येणं, अन्न टाकून देणं ही सुरुवात असू शकते. तो ‘असू शकते’ म्हणाला होता. घरी येईपर्यंत त्यातलं ‘असू शकते’ गळून पडलं.

पण खरं काय शिजत होतं ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. धाकटी मोरीत कपडे भिजवता भिजवता फोनवर बोलत होती. तिच्या मालकांनी दुसऱ्या शहरात नवं दुकान काढलं होतं आणि ते पूर्णपणे तिच्या हाती द्यायचं ठरवलं होतं. इतकी वर्षं भिंगं पुसल्यावर पहिल्यांदा कुणीतरी तिला खुर्ची देत होतं. ‘मी काय सांगू त्यांना, दादा?’ ती म्हणत होती. ‘आईला घेऊन चौथ्या मजल्यावर बिनलिफ्टच्या घरात राहू? आणि तुझ्याकडे तर तू नेणार नाहीस.’ पलीकडून थोरला काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण मग धाकटी हळूच म्हणाली, ‘तिथे बरी असेल का रे ती? तशा लोकांसाठीच असते ना ती जागा?’

तशा लोकांसाठी. म्हणजे मी.

खरं सांगते, तिने माझ्यासमोर बसून ‘आई, मला जायचंय’ असं म्हटलं असतं, तर मी आधी भांडले असते. रुसले असते, जेवले नसते, दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले असते. आणि मग म्हटलं असतं, जा. आई आहे मी तिची. पण मला वेडी ठरवून जायचं, म्हणजे जाताना स्वतःच्या मनाला टोचणीसुद्धा नको, हे मला लागलं. फार लागलं. मी ठरवलं की काही झालं तरी माझं डोकं ठिकाणावर आहे हे या दोघांना दाखवून द्यायचंच. ते एकदा पटलं की मग पुढचं माणसासारखं बसून बोलता येईल.

आणि ते पटवायचं तर लस्सीचं कोडं सोडवायला हवं होतं. खिडकीशी बसून मी विचार केला. पपई तीच, दही तेच, हात तोच. मग रविवारी वेगळं काय? धाकटी समोर असते हे खरं. पण आणखी एक गोष्ट वेगळी होती. रविवारची लस्सी मिक्सरमधून थेट ग्लासात येते. रोजची सकाळपासून बाटलीत बसून राहते. असं सरळ समोर पडलेलं उत्तर सुचायला मला इतके दिवस लागले, याचंच मला हसू आलं.

पुढच्या रविवारी धाकटीने लस्सी दिली. मी अर्धी प्यायले. मस्त होती. उरलेली अर्धी ठेवायची कुठे? धाकटीला उष्टा ग्लास डोळ्यांसमोर चालत नाही, दिसला की उचलून धुवून टाकते. फ्रिजमध्ये ठेवावी तर ती विचारणार, कशाला? आणि तिला आधी काही सांगायचं नव्हतं. मला तिला एकदम दाखवायचं होतं. म्हणून ती फोनवर बोलत असताना मी ग्लासावर बशी झाकली आणि माझ्या कपाटात, कपड्यांच्या मागे ठेवून दिला.

संध्याकाळी कपाट उघडून एक घोट घेतला. कडू! जिभेच्या मागे तोच कडवटपणा, तसाच चढत जाणारा. मी एकटीच कपाटासमोर वॉकर धरून उभी राहून हसले. पपईतच काहीतरी असणार, जे दह्याला बसल्या बसल्या कडू करतं. काय असतं ते मला ठाऊक नाही आणि त्याची गरजही नव्हती. माझी जीभ खरी होती, माझं डोकं खरं होतं. कडू लस्सी पिऊन इतका आनंद झालेलं माणूस जगात दुसरं नसेल.

मी ग्लास परत ठेवला. धाकटी आंघोळीला गेली होती, ती आली की तिला हाक मारायची, असं ठरवून पलंगावर टेकले. आणि या मेल्या गोळ्यांनी मला झोप लागली.

जाग आली ती कपाटाच्या दाराच्या आवाजाने. सकाळ झाली होती. धाकटी माझे इस्त्रीचे कपडे ठेवत होती आणि तिच्या हातात तो ग्लास होता. वर साय धरल्यासारखा थर जमला होता, खाली पाणी सुटलं होतं, आणि खोलीभर आंबूस वास पसरला होता.

‘थांब, थांब, मी सांगते,’ मी म्हटलं. ‘ते मी मुद्दाम ठेवलंय.’

‘कपड्यांत?’

‘तुला दाखवायला. ताजी असते तेव्हा गोड लागते, ठेवली की कडू होते. काल संध्याकाळी मी पिऊन बघितली. पपईमुळे होतं ते. तू आता जरा...’

‘तू ही प्यायलीस?’ धाकटी ओरडलीच. ‘कपाटात ठेवलेली लस्सी प्यायलीस तू? आई!’

‘अगं, आत्ता नासलीये, काल नव्हती. आणि फ्रिजमध्ये ठेवलेलीही अशीच कडू होते. आजची बाटली संध्याकाळी आल्यावर उघड आणि तूच बघ.’

मी जितकं समजावून सांगत होते तितकी तिच्या डोळ्यांत भीती वाढत होती. मी बोलताना हात नाचवते, ती सवयच आहे माझी, पण त्या क्षणी ते हातही माझ्या विरुद्ध गेले. ती ग्लास घेऊन खोलीबाहेर गेली, दोन बोटांनी धरून, मेलेला उंदीर न्यावा तसा. आणि मग फोन. ‘दादा, तू ये. आता तू येच. ती खाणं कपड्यांत लपवून ठेवायला लागलीये.’

मी जे पुरावा म्हणून ठेवलं होतं, ते त्यांनी त्यांचा पुरावा म्हणून नेलं. मी हात टेकले.

थोरला शनिवारी संध्याकाळी आला. त्याने येताना माझ्यासाठी मऊ चपला आणल्या. शेजारी बसला, माझा वाकडा हात हातात घेतला. त्याचे केस किती पांढरे झालेत ते मला दिसलं आणि माझा अर्धा राग तिथेच गेला. आपल्या पोराचे पांढरे केस बघून जो धक्का बसतो तो आरशातल्या स्वतःच्या केसांनी बसत नाही.

‘आई, एक जागा बघितलीये,’ तो म्हणाला. ‘फार चांगली आहे. माणसं प्रेमळ आहेत. बाग आहे.’

‘बागेत मी काय करू? कुंडीत बसू?’

‘आई.’

‘अरे, जन्मभर मी चार भिंतींत कानाला यंत्र लावून बसले. मला कशाला हवी बाग? मला ही खिडकी पुरते.’

धाकटी दारात उभी होती. ती म्हणाली, ‘दादा, तिला नीट सांग.’ थोरला नीट सांगायला लागला. सुरक्षितता, देखरेख, वेळच्या वेळी औषधं. मी त्याला बोलू दिलं. मग म्हटलं, ‘ठीक आहे. मी जाते. पण त्याआधी माझं एक काम कर. फ्रिजमध्ये आज सकाळची लस्सी आहे. ती बाटली उघड आणि चार घोट पी. गोड लागली तर मी उद्या सकाळी तुझ्याबरोबर निघते, एक शब्द बोलणार नाही. कडू लागली तर मला वेड लागलेलं नाही हे दोघांनीही कबूल करायचं, आणि मग आपण तिघं बसून काय करायचं ते ठरवू. धाकटीला दुसऱ्या गावी जायचंय हे मला माहितीये. त्याबद्दलही बोलू.’

धाकटी दचकली. थोरल्याने तिच्याकडे पाहिलं. मग तो लहान मुलाशी बोलावं तसं हसून म्हणाला, ‘बरं, पितो. एवढंच ना?’ आणि उठला. धाकटीही त्याच्यामागे स्वयंपाकघरात गेली. दार त्यांनी लोटून घेतलं.

मी पलंगावर बसून ऐकत होते. फ्रिज उघडला. बाटलीचं झाकण निघालं. थोरला म्हणाला, ‘हिला बरं वाटावं म्हणून पितो झालं.’ मग घोट. मग तो मोरीत थुंकल्याचा आवाज आला, स्पष्ट, आणि पाठोपाठ खाकरणं.

‘अगं, खरंच कडू आहे ही!’

‘काहीतरीच काय.’

‘काहीतरी काय? पी तू.’

बाटली ओट्यावरून उचलल्याचा आवाज आला. धाकटीने, पपईचा वासही सहन न होणाऱ्या माझ्या लेकीने, घोट घेतला. पुढचं नीट ऐकू यावं म्हणून मी पलंगाच्या कडेला सरकले. बाहेर येतील, दोघंही ओशाळतील, धाकटी माझ्या गळ्यात पडेल, मी तिला म्हणेन, जाऊ दे गं, तुला तरी काय माहीत. मी वाक्यंसुद्धा ठरवून ठेवली होती.

‘म्हणजे ती इतके दिवस...’ धाकटीचा आवाज फुटला.

‘हं.’

‘दादा, मी मालकांना हो म्हणून कळवलंय. पहिल्या तारखेला हजर व्हायचंय मला.’

मैदानात कुणीतरी पिंप पाडलं, त्याचा आवाज तेवढा आला.

‘मग ओतून टाक ती,’ थोरला म्हणाला.

नळ सुटला. पाणी नेहमीपेक्षा जास्त वेळ वाहिलं. बाटली विसळल्याचा आवाज आला, जाळी घासल्याचाही. धाकटीचं काम चोख असतं.

मग ते दोघं बाहेर आले. थोरला रुमालाने ओठ पुसत होता. धाकटी त्याच्यामागे उभी होती आणि तिचे डोळे लाल होते. ते कांद्याने लाल झालेले नव्हते, इतकं मला कळतं.

‘प्यायलो बघ, आई,’ थोरला म्हणाला. ‘सगळी संपवली. छान होती की.’

‘गोड होती?’

‘हो गं. मस्त गोड.’

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. ओरडावंसं वाटलं की मी सगळं ऐकलंय, शब्द न् शब्द. पण ओरडून काय मिळवणार होते? इतके दिवस मला वाटत होतं की यांना कळत नाहीये, कळलं की सगळं ठीक होईल. त्या आशेवर मी भांडत होते, प्रयोग करत होते, डॉक्टरच्या कागदावर घड्याळं काढत होते. आता यांना कळलं होतं. आणि मला त्या घरात राहायची भीती वाटायला लागली. वेडी समजून सांभाळणाऱ्या मुलांपाशी राहता येतं. शहाणी आहे हे कळूनही वेडी म्हणणाऱ्यांपाशी कसं राहायचं?

‘उद्या किती वाजता निघायचं?’ मी विचारलं.

थोरल्याच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला. ‘नाश्ता करून निघू, निवांत,’ तो म्हणाला आणि गाडीवाल्याला फोन लावायला गॅलरीत जायला निघाला. धाकटी माझ्याजवळ येऊन बसली. तिने माझ्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं, पुन्हा सारखं केलं, आणि मान वर न करता म्हणाली, ‘तिथल्या बाईंना मी सांगून ठेवीन आई. लस्सी आयत्या वेळी करून देत जा म्हणून. करून ठेवू नका म्हणून.’

थोरला दारातच थबकला आणि त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. आपण काय बोलून गेलो ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. ती पांघरूण सारखं करत होती.

‘हो,’ मी म्हटलं. ‘तेवढं मात्र नक्की सांग.’